नवं घर, जुनी भाषा

डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. बॉम जेझूच्या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. गोव्याची माणसं त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात. नवस बोलायला ख्रिस्ती येतात तसे हिंदूही येतात. दर दहा वर्षांनी त्याचं शव दर्शनासाठी खाली उतरवतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होतं आणि त्या दीड महिन्यात देशोदेशीची माणसं मांडवीच्या काठी जमली होती.

याच ३ डिसेंबरला तिकडे दूर, स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज डोंगराच्या उतारावरचा एक छोटा प्रांत आपला प्रांतदिन साजरा करतो. त्या प्रांताचं नाव नावारा. आणि याच दिवशी, १९४९ पासून, बास्क नावाच्या एका अतिप्राचीन भाषेचा दिवस पाळला जातो. एकाच तारखेला तीन सण, आणि तिन्हींच्या मुळाशी माणूस एकच. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्या माणसाच्या मुलखाविषयी.

तुम्ही म्हणाल, पनवेल तालुक्यातल्या आपट्याच्या माणसाला, त्यातही एका मुसलमान कवीला, या मुलखाचं काय पडलंय? त्याचं उत्तर आधी नावातून देतो. 'झेवियर' हे काही मुळात माणसाचं नाव नव्हे. ते एका वाड्याचं नाव. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेर्री' म्हणजे नवं. 'एचेबेर्री', नवं घर. ते घासत घासत 'शाविएर', 'हाविएर' आणि आपल्याकडे 'झेवियर' झालं. म्हणजे मुंबईत १८६९ साली निघालेलं सेंट झेवियर्स कॉलेज काय किंवा गोव्यातल्या घराघरांतले झेवियर काय, सगळे आपल्या नावात एक बास्क शब्द बाळगून आहेत, आणि बहुतेकांना त्याची खबर नाही.

बास्क माणूस घरावरून आडनाव घेतो, आपण कोकणातले लोक गावावरून घेतो. आमच्या आपट्यावरून 'आपटेकर' हे आडनाव आलं, आणि ते बेने इस्राएली म्हणजे कोकणातल्या ज्यू घराण्यांतही आहे. पनवेलला त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे. कोकणी मुसलमानांतही 'कर' लावणारी आडनावं पुष्कळ आहेत. मशीद, देऊळ आणि सिनेगॉग वेगवेगळं, पण आडनावाचं शेपूट एक. ही गोष्ट मनात ठेवा, तिच्याकडे मला शेवटी यायचंय.

आता मुलूख पाहू. नावाराचं क्षेत्रफळ १० हजार ३९१ चौरस किलोमीटर. आपला रायगड जिल्हा ७ हजार १५२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे नावारा रायगडाच्या साधारण दीडपट. पण रायगडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २६ लाखांच्या वर होती, आणि नावाराची पावणेसात लाखांच्या आसपास आहे. राजधानीचं शहर पांप्लोना. बास्क भाषेत त्याला इरुन्या म्हणतात. दरवर्षी ६ ते १४ जुलै तिथं सान फर्मीनचा उत्सव असतो. गल्लीबोळांतून बैल सोडतात आणि माणसं त्यांच्या पुढं धावतात. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यानं १९२६ च्या आपल्या कादंबरीत तो उत्सव रंगवला आणि तेव्हापासून जगाला नावारा म्हणजे बैलांची धाव एवढंच ठाऊक झालं.

खरा नावारा मात्र आपल्या घाटासारखा आहे. घाटाच्या अलीकडे आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पलीकडे माण-खटावात जेमतेम पाचशेच्या घरात. तसंच तिथं. उत्तरेच्या दऱ्यांत अटलांटिक महासागरावरून येणारे ढग अडतात. तिथं दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हिरवी कुरणं, धुकं, आणि इरातीचं बीच वृक्षांचं प्रचंड अरण्य. मध्ये गव्हाची शेतं आणि द्राक्षांचे मळे. दक्षिणेला उतरत गेलं की पाऊस चारशे मिलिमीटरवर येतो, आणि एब्रो नदीच्या काठाशी बार्देनास नावाचं ओसाड रान लागतं. वाऱ्यानं आणि पाण्यानं कोरलेले मातीचे सुळके, झाड औषधाला नाही. एका दिवसात मोटारीनं जाऊन यावं एवढ्या अंतरात धुकं आणि वाळवंट दोन्ही.

या वाळवंटावर मालकी कुणाची? इथून त्या मुलखाचा खरा स्वभाव कळायला लागतो. बार्देनासची जमीन २२ भागीदार मिळून वापरतात: १९ गावं, रोंकाल आणि सालासार ही डोंगरातली दोन खोरी, आणि एक मठ. दरवर्षी १८ सप्टेंबरला डोंगरातले मेंढपाळ मेंढरं घेऊन या रानात उतरतात. आपल्याकडे देशावरचे धनगर दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात मेंढरं आणतात, त्यांच्यासारखेच. कुणी किती मेंढरं चारायची, कधी यायचं, कधी जायचं, सगळं जुन्या करारानं ठरलेलं.

रोंकाल खोऱ्याचा आणखी एक करार ऐका. डोंगराच्या पलीकडे फ्रान्सचं बारेतू खोरं आहे. पाण्यावरून आणि कुरणांवरून दोन्ही खोऱ्यांत रक्तपात झाला. १३७५ साली लवाद बसला आणि ठरलं की, बारेतूच्या लोकांनी दरवर्षी रोंकालच्या लोकांना तीन गाई द्यायच्या. त्या गाई आजही दर १३ जुलैला सरहद्दीच्या दगडापाशी दिल्या जातात. मधल्या साडेसहाशे वर्षांत स्पेन आणि फ्रान्स एकमेकांशी किती लढले, पण गावांनी आपसांत केलेला करार पाळला गेला.

हे वाचताना मला आमच्या खारेपाटातली 'जोळ' आठवली. पेण-अलिबागकडं खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून बाहेरकाठा बांधतात. हा बांध एकट्याचा नसतो, सगळ्या शेतकऱ्यांचा असतो. त्याच्या देखभालीसाठी गावकऱ्यांनी केलेली बांधिलकी म्हणजे जोळ. उधाणाला खांड पडली की प्रत्येकानं घमेलं-फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचं. तुझा देव कुठला, हे उधाण विचारत नाही. मुसलमान, आगरी, कोळी, ज्याचं शेत आत, तो बांधावर.

स्वराज्य या शब्दाचा एक अर्थ सिंहासनाशी जोडलेला आहे, आणि दुसरा असा बांधाशी. नावाराचं स्वराज्य या दुसऱ्या जातीचं. तिथल्या परंपरागत हक्कांना आणि रूढींना 'फुएरो' म्हणतात. गादीवर बसणाऱ्या राजानं आधी प्रजेसमोर शपथ घ्यायची की मी तुमचे फुएरो मोडणार नाही, सुधारलेच तर चांगल्यासाठी सुधारीन, आणि मग राज्य करायचं. आपल्याकडे गावची गोतसभा महजर करायची, त्यावर पाटील-कुलकर्ण्यापासून बलुतेदारांपर्यंत निशाण्या पडायच्या, आणि तो निवाडा राजालाही सहजासहजी मोडता येत नसे. तसाच काहीसा हा प्रकार, फक्त तिथं तो राज्याच्या पातळीवर टिकला.

१५१२ साली कॅस्टिलच्या फौजांनी नावारा जिंकलं. राज्य गेलं, पण फुएरो राहिले. १८४१ मध्ये एक तहासारखा कायदा झाला. नावारा हे नावापुरतं राज्य होतं ते प्रांत झालं, पण करांचा हक्क त्यानं आपल्याकडे ठेवला. १९८२ मध्ये लोकशाही स्पेनमध्ये त्याच जुन्या हक्कांना नवं रूप मिळालं आणि आजचं स्वायत्त नावारा उभं राहिलं. आपल्याकडे बरेचसे मोठे कर केंद्र सरकार गोळा करतं आणि राज्यांना वाटा देतं. नावारात उलट आहे. कर नावारा गोळा करतं आणि ठरलेली रक्कम माद्रिदला पाठवतं. शेजारच्या तीन बास्क प्रांतांचा वेगळा स्वायत्त प्रदेश १९७९ मध्ये झाला, नावारा त्यात सामील झालं नाही. मात्र लोकांनी उद्या कौल दिला तर सामील होता येईल, अशी वाट स्पेनच्या राज्यघटनेनं मोकळी ठेवली आहे. आपला महाराष्ट्र १९६० मध्ये भाषेच्या पायावर उभा राहिला. नावारा उभं आहे ते जुन्या करारावर. भाषा हा तिथं आजही वादाचा विषय आहे.

आता पुन्हा त्या 'नव्या घरा'कडे वळतो. ७ एप्रिल १५०६ रोजी झेवियरच्या वाड्यात फ्रान्सिस जन्मला. बाप हुआन दे यासो नावाराच्या राजाच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख. पोरगं सहा वर्षांचं असताना राज्य गेलं. नऊ वर्षांचं असताना बाप गेला. दहा वर्षांचं असताना, १५१६ मध्ये, नव्या सत्तेच्या हुकुमानं वाड्याचे बुरूज पाडले गेले. घरातला धाकटा मुलगा हे सगळं पाहत असणार. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्यावर लढाई झाली, तेव्हा त्याचे थोरले भाऊ नावाराच्या राजाच्या बाजूनं होते. किल्ल्यातून कॅस्टिलच्या बाजूनं लढणारा एक बास्क सरदार तोफेच्या गोळ्यानं पायाला जबर जखमी झाला. त्याचं नाव इग्नेशियस लोयोला. पुढं पॅरिसच्या कॉलेजात हाच लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर एका खोलीत राहिले, जिवाभावाचे झाले, आणि त्यांच्यासह सात जणांनी १५३४ मध्ये घेतलेल्या शपथेतून जेझुइट संघ उभा राहिला. १६२२ मध्ये दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरला. तिथून तो दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेला. १५४४ च्या जानेवारीत कोचीहून त्यानं युरोपातल्या सोबत्यांना पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की, या लोकांना माझं कळेना आणि मला यांचं कळेना, कारण यांची बोली मलबारी आणि माझी बास्क. राज्य जाऊन बत्तीस वर्षं झाली होती, माणूस पॅरिसला शिकलेला, लॅटिन-स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणारा, पण 'माझी भाषा' म्हणताना त्याच्या लेखणीतून आईची भाषाच आली. म्हणूनच बास्क लोकांनी आपल्या भाषेच्या दिवसासाठी त्याचा दिवस निवडला.

पण इतिहास सांगताना एका डोळ्यानं पाहून चालत नाही. याच फ्रान्सिसनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसवा अशी मागणी केली. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये बसलं, आणि त्याचा जाच गोव्यातल्या हिंदूंना, मुसलमानांना, ज्यूंना आणि नव्या ख्रिस्त्यांनाही झाला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. त्याच जेझुइट संघातल्या थॉमस स्टीफन्सनं मात्र १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापलं आणि कोकणीचं व्याकरण लिहिलं. एकाच संघाच्या पदरात भाषा जपणारा होता, आणि ज्या राज्याच्या आश्रयानं तो संघ वाढला ते राज्य भाषा मोडू पाहत होतं. फर्मान फसलं. कोकणी आजही गोव्यात बोलली जाते.

आता माझ्या कुतूहलाचा दुसरा धागा. नावाराच्या दक्षिणेला एब्रोकाठी तुदेला नावाचं शहर आहे. ते ८०२ साली मुसलमान सरदारानं वसवलं. तिथं बनू कासी नावाचं घराणं राज्य करत होतं. हे अरब नव्हेत. कासियस नावाच्या स्थानिक सरदारानं इस्लाम स्वीकारला, त्याचे हे वंशज अशी परंपरा सांगते. याच सुमाराला पांप्लोनात नावाराचा पहिला राजा इन्यिगो आरिस्ता गादीवर आला. तुदेलाचा मुसलमान सुभेदार मुसा इब्न मुसा आणि हा ख्रिस्ती राजा, दोघे एका आईचे मुलगे होते! संकटात ते एकमेकांच्या मदतीला धावले. पुढं कोर्दोबाचा प्रसिद्ध खलिफा तिसरा अब्द अर-रहमान झाला, त्याची आजी नावाराची राजकन्या. नावाराची राणी तोदा त्याची सावत्र आत्या. या तोदाचा नातू सांचो लेओनचा राजा होता. तो इतका लठ्ठ झाला की घोड्यावर बसेना, आणि सरदारांनी त्याला गादीवरून काढलं. म्हातारी तोदा त्याला घेऊन थेट खलिफाच्या दरबारी गेली. तिथं हसदाई नावाच्या ज्यू हकिमानं त्याला बारीक केलं आणि मुसलमान फौजेनं त्याला पुन्हा गादीवर बसवलं. ख्रिस्ती राजा, ज्यू वैद्य, मुसलमान फौज, आणि सगळ्यांना एकत्र आणणारी बास्क आजी.

तुदेलानं कवीही दिले. 'तुदेलाचा आंधळा' या नावानं ओळखला जाणारा अरबी कवी तिथला. हिब्रूतला मोठा कवी आणि पंडित अब्राहम इब्न एझ्रा तिथला. बाराव्या शतकात पश्चिम आशियापर्यंत फिरून प्रवासवर्णन लिहिणारा ज्यू प्रवासी बेंजामिन हाही तुदेलाचा. त्याच्या पुस्तकात मलबारातल्या कोल्लमच्या मिऱ्याचा उल्लेख आहे. आमच्या कोकणातल्या ज्यूंचा विषय निघाला की मला हा बेंजामिन हटकून आठवतो.

१११९ मध्ये तुदेला ख्रिस्ती राजानं जिंकलं. करार झाला की मुसलमानांनी वर्षभरानं कोटाबाहेरच्या वस्तीत जावं, पण धर्म, कायदा आणि शेती त्यांची त्यांच्याकडे राहावी. जवळजवळ चारशे वर्षं हा करार चालला. पाटाच्या पाण्यावर त्यांनी भाजीपाल्याचे मळे फुलवले. आजही तुदेलाची भाजी स्पेनभर नावाजलेली आहे, आणि पाटाला तिथं 'असेकिया' म्हणतात तो शब्द अरबीतला. 'साकिया' म्हणजे पाणी पाजणारी. ज्याच्या मैफलीत साकी असतो त्या शायरीला हा शब्द परका नाही. १४९८ मध्ये ज्यूंना आणि १५१६ मध्ये मुसलमानांना नावारा सोडावं लागलं, नाहीतर धर्म सोडावा लागला. १५१६ हे साल लक्षात आलं? ज्या वर्षी झेवियरच्या वाड्याचे बुरूज पडले, त्याच वर्षी तुदेलाच्या मशिदीतली शेवटची अजान थांबली. दोघांचाही करार एकाच हातानं मोडला होता.

कवींच्या हातून इतिहासाचं काय होतं, त्याचाही एक दाखला याच मुलखात आहे. १५ ऑगस्ट ७७८ रोजी फ्रँकांचा राजा शार्लमेन स्पेनमधून परत जात असताना रोंसेसव्हालच्या खिंडीत त्याच्या पिछाडीच्या फौजेचा बास्कांनी फन्ना उडवला. त्यात रोलां नावाचा सरदार पडला. तीनशे वर्षांनी फ्रेंच भाषेत रोलांवर महाकाव्य झालं, तेव्हा त्यात मारणारे बास्क राहिले नाहीत, ते मुसलमान झाले. तो काळ धर्मयुद्धांचा होता आणि त्या काळाला तसाच शत्रू हवा होता. युरोपातल्या मुलांनी शतकानुशतकं तीच गोष्ट पाठ केली. मी बी.ए.ला इतिहास शिकलो, कविता लिहितो, आणि या दोन्ही गोष्टींमुळं हा दाखला मला फार जपून ठेवावासा वाटतो.

आता भाषेविषयी. बास्क भाषेचं जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. स्पॅनिश, फ्रेंच आणि आपली मराठीसुद्धा एका मोठ्या कुळातल्या, पण बास्क त्या कुळाच्या बाहेरची, त्याहून जुनी रहिवासी. गंमत अशी की मराठी माणसाला तिच्यातल्या काही खोडी ओळखीच्या वाटतील. आपण 'राम आला' म्हणतो पण 'रामानं आंबा खाल्ला' म्हणतो. कर्म आलं की कर्त्याला प्रत्यय लागतो. बास्क भाषेत हेच होतं, फक्त 'ने'च्या जागी 'क' लागतो. ती भाषा विसांनी मोजते. चाळीस म्हणजे दोन वीस, साठ म्हणजे तीन वीस. आमच्याकडची जुनी माणसं 'तीन विसा आणि दहा' म्हणायची, तसंच.

११६७ च्या एका दस्तऐवजात नावाराच्या राजानं बास्कला 'नावारावासीयांची भाषा' म्हटलं आहे, पण दस्तऐवज लॅटिनमध्येच! दरबाराची भाषा निराळी आणि चुलीपाशी निराळी, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बास्कमधलं पहिलं छापील पुस्तक १५४५ मध्ये निघालं. ते पिरेनीजपलीकडच्या नावारातल्या बेर्नात एचेपारे या पाद्र्याच्या कवितांचं आहे. २०२१ मध्ये पांप्लोनाजवळच्या इरुलेगीत कांस्याचा एक हात सापडला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावरचा पहिला शब्द आजच्या बास्कमधल्या 'भाग्यवान' या शब्दासारखा वाचला गेला. पुढं पंडितांनी त्या वाचनावर वाद घातला, पण सापडल्याच्या बातमीनं सगळा मुलूख हरखला होता.

फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क भाषेला शाळेत आणि कचेरीत जागा उरली नाही. लोकांनी 'इकास्तोला' नावाच्या शाळा काढून मुलांना भाषा शिकवली. याच काळात १९५९ मध्ये 'एटा' ही सशस्त्र संघटना निघाली. हुकूमशाही संपल्यावरही तिनं बंदूक ठेवली नाही. २०११ मध्ये तिनं हिंसा थांबवली आणि २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. तोवर आठशेहून अधिक माणसं मारली गेली होती, त्यांत नावाराचीही होती. भाषेच्या नावानं माणूस मारला की भाषेचंच तोंड बंद होतं. बास्क बोलणाऱ्या साध्या माणसाकडंही संशयानं पाहिलं जाऊ लागलं, ही त्याची किंमत.

आज नावारात १९८६ च्या कायद्यानं भाषेचे तीन पट्टे केले आहेत: उत्तरेचा बास्क पट्टा, मधला मिश्र पट्टा आणि दक्षिणेचा बास्क नसलेला पट्टा. तुमचं घर नकाशावर कुठं आहे त्यावर सरकारशी बास्कमध्ये बोलायचा हक्क ठरतो. प्रौढांपैकी साधारण सातांत एक माणूस बास्क नीट बोलतो. रोंकाल खोऱ्याची स्वतःची बास्क बोली होती. तीन गाई घेणाऱ्या त्या मेंढपाळांची बोली. ती बोलणारी शेवटची बाई फिदेला बेर्नात १९९१ मध्ये वारली. गाईंचा करार राहिला, पण तो ज्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला ती बोली गेली. म्हणजे नुसत्या स्वायत्ततेनं भाषा जगत नाही. ती घरात बोलावी लागते.

दुसरीकडं जगण्याची धडपडही मोठी आहे. बास्क लोकांत 'बेर्चोलारी' असतात. दिलेल्या विषयावर, दिलेल्या चालीत, उभ्या उभ्या कविता रचून गाणारे. आपल्या कोकणातल्या शक्ती-तुऱ्यातले शाहीर आठवा, फक्त इथं मृदंग नाही. २०२२ ची अंतिम स्पर्धा पांप्लोनात झाली, हजारोंच्या गर्दीसमोर, आणि ती मायालेन लुहान्बियो या बाईनं जिंकली. जानेवारीअखेर इतुरेन आणि सुबिएता या गावांत मेंढीची कातडी पांघरून, कमरेला मोठाल्या घंटा बांधून पुरुष मिरवत निघतात. आमच्या शिमग्यातला संकासूर त्यांच्यात सहज मिसळून जाईल. या घंटावाल्यांना 'होआल्दुन' म्हणतात. 'दुन' म्हणजे बाळगणारा. आणि बास्क माणसाला बास्क भाषेत म्हणतात 'एउस्काल्दुन', म्हणजे जो बास्क भाषा बाळगतो तो. बास्क कोण? तर ज्याच्याजवळ ती भाषा आहे तो. त्या शब्दात रक्त येत नाही आणि धर्मही येत नाही.

हा शब्द मला कळला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण आयुष्यभर मला दोन्हीकडून एकच प्रश्न आलाय. एका कचेरीत अर्ज भरताना मी मातृभाषा मराठी सांगितली, आणि समोरच्या माणसानं माझं नाव वाचून 'उर्दू' लिहिलं. माझ्याच काही आप्तांनी विचारलं, 'तू मराठीत कविता कशाला करतोस?' दोघांचाही समज एकच की भाषा धर्मावरून ठरते. आमच्या घरात जी कोकणी बोली चालते तिच्यात खलाटी, वरकस, राब, उघाडी, भांग, उधाण हे शब्द आहेत. उर्दूवर माझं प्रेम आहे, पण भाताच्या रोपाला मी उर्दूत हाक मारलेली नाही.

आणि हे काही माझ्या एकट्याचं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सोळाव्या-सतराव्या शतकात मराठीत योगावर ग्रंथ लिहून गेले. शाहीर अमर शेखांच्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतच लिहिते झाले. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आमच्या शेजारी मुरूड-जंजिऱ्याला १९४८ पर्यंत सिद्दींचं राज्य होतं, मुळात आफ्रिकेतून आलेल्या हबशांचं. किल्ल्यावरचा दरवाजा कुणाचा आणि खालच्या बाजारातली बोली कुणाची, हे कोकणात कधी एकच नव्हतं.

'एउस्काल्दुन'ला मराठीत काय म्हणावं, याचा मी विचार करत होतो. 'दुन' म्हणजे बाळगणारा, तर आपल्याकडं त्यासाठी 'दार' आहे: जमीनदार, फौजदार, वतनदार. हा 'दार' फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की परका वाटत नाही. तेव्हा 'भाषेचा वतनदार' म्हणू. ज्याच्याजवळ मराठी आहे तो मराठीचा वतनदार, मग तो आपटेकर ज्यू असो, पेणचा आगरी असो की माझ्यासारखा मुसलमान.

पण वतनाची एक अट असते. वतन नुसतं खायचं नसतं, त्याची चाकरी करावी लागते. चाकरी चुकली की वतन जप्त होतं. रोंकालच्या बोलीचं तसंच झालं. आमच्या गावात आता कारखाने आले, नोकऱ्या आल्या, मुलं इंग्रजी शाळेत जातात. जाऊ देत, त्याला माझी हरकत नाही. फक्त नातवाला बांधावर नेऊन 'ही उघाडी, हिच्यातून ओहोटीला पाणी सोडतात' एवढं आपल्या बोलीत सांगायला कुणाच्या कायद्याची किंवा फर्मानाची वाट पाहावी लागत नाही. मी ते सध्या करतो आहे. नातू मध्येच कंटाळतो, पण उघाडी हा शब्द त्याला आता येतो.